आपली आलमारी मार्गस्थ आहे

मानवजातीची सगळी प्रगती वस्तू जवळ नसण्याच्या दिशेने झालेली आहे. आदिमानव शिकार मारून गुहेत आणून ठेवायचा. गुहेला वास यायचा. आपल्या पणजोबांनी कणग्या भरून ठेवल्या. त्यांवर उंदरांच्या पिढ्या सुखाने नांदल्या. आजच्या माणसाजवळ वस्तू नसते, ती निघाली असल्याचा निरोप असतो, आणि तो वाचून त्याला वस्तू मिळाल्याहून जास्त समाधान होतं. उत्पादनशास्त्रात या अवस्थेला शून्य साठा म्हणतात आणि तिथवर पोचणाऱ्या कारखान्याला शील्ड देतात. (अध्यात्मात यालाच अपरिग्रह म्हणतात. तिथे शील्डची सोय नाही.)

भिलाईतल्या एका कारखान्याने ही अवस्था नुकतीच गाठली. 'पंजाबराव आलमारी उद्योग' हे त्याचं नाव. पंजाबराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी विष्णू. एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालो (कोणत्या ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे) आणि नेहरू नगरातल्या घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत होतो. अशा माणसाला कोणी उद्योगात घेईल असं मलाही वाटलं नव्हतं. पण प्रगत व्यवस्थापनात प्रत्येकाला जागा असते, तशी मलाही मिळाली.

आधी कारखान्याची मागासलेली अवस्था नोंदवतो. छत्तीसगढात अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्याचं स्वतःचं लग्न नसतं तो दुसऱ्याच्या लग्नात असतो. लग्नात टिकावन असतं. नातेवाईक एकेक करून नवरानवरीला टिळा लावतात आणि भांडी, पलंग, कूलर असं काहीबाही देतात. त्या सामानाच्या मधोमध लोखंडी आलमारी उभी नसेल तर मुलीचा बाप पाहुण्यांच्या नजरेला नजर देत नाही.

पंजाबरावांनी यावर वर्षानुवर्षं एकच अडाणी उपाय केला. दिवाळी झाली की ते आलमाऱ्या करायला घेत आणि गोदामात उभ्या करत जात. अक्तीच्या आठवड्यात पाटण, धमधा, गुंडरदेही या बाजूंनी ट्रॅक्टर यायचे. भाऊजी विचारायचे, "हिरवी का बदामी?" पार्टी म्हणायची, "आरसावाली." मग चहा यायचा. चहा संपेपर्यंत आलमारी ट्रॅक्टरवर चढून दोरीने बांधलेली असायची. कुलपं, मुठी, आरसे दुर्गच्या बाजारातून सायकलवर यायचे. त्या दुकानदाराशी भाऊजींचं वर्षातून दोनदा कडाक्याचं भांडण व्हायचं आणि भाऊजी त्यालाच खरेदी समजत.

गिऱ्हाइकाने मागितल्यापासून त्याला वस्तू मिळेपर्यंतच्या वेळेला प्रतिसादकाल असं नाव आहे, हे भाऊजींना ठाऊक नव्हतं. नाव नसल्यामुळे तो मोजता येत नव्हता, आणि मोजता येत नसल्यामुळे तो सुधारताही येत नव्हता. गिऱ्हाईक नुसतंच आलमारी घेऊन घरी जात होतं.

हे अज्ञान दूर केलं माझा भाचा ऋषभ याने. तो मोठ्या शहरातून एमबीए होऊन आला. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि पडद्यावर इंग्रजी, अशी त्याने भाषांची विभागणी करून घेतली आहे. आल्या आठवड्यातच त्याने गोदामाच्या भिंतीला माझ्या बहिणीची चादर लावली आणि तिच्यावर आम्हाला गोदामाचंच चित्र दाखवलं. चित्रात गोदाम लाल होतं.

"पापा, ये जो खड़ा है ना, ये माल नहीं है. पैसा सो रहा है."

"झोपू दे ना बापा," भाऊजी म्हणाले. "अक्तीले उठतेच तो."

ऋषभ हसला. शिकलेली मुलं बापाला समजावण्याआधी हसतात, तसं. मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडतो. वस्तू आधी करून ठेवायची ही ग्राहकावरची जबरदस्ती आहे. ग्राहकाने ओढलं तरच पत्रा हलला पाहिजे. त्याने मागितलं की पत्रा मागवायचा, पत्रा आला की कापायचा, कापला की कुलूप मागवायचं. रंग तर अगदी शेवटी, कारण माणसाचं मन शेवटपर्यंत बदलू शकतं. या शेवटच्या भागाला लांबणीवर टाकण्याचं धोरण म्हणतात. आमच्या कचेरीत आम्ही ते कोणत्याही पदवीशिवाय राबवत होतो याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

पुरवठादारही नवे झाले. मूठ राजकोटहून, आरसा फिरोजाबादहून, कुलूप अलीगढहून. सायकलच्या टप्प्यात मिळणारी वस्तू धोरणाच्या दृष्टीने संशयास्पद असते. इतकी जवळ आहे म्हणजे तिच्यात काहीतरी खोट असणारच. शिवाय आमचे पुरवठादारही आमच्यासारखेच प्रगत निघाले. त्यांच्याकडेही साठा नव्हता. आम्ही कुलुपाची वाट बघायचो, कुलूपवाला पितळेची वाट बघायचा, पितळवाला ट्रक भरण्याची वाट बघायचा आणि ट्रकवाला आम्ही आणखी काही मागवतो का ते बघायचा. सगळ्यांनी असं एकमेकांकडे बघत थांबणं यालाच पुरवठा साखळी म्हणतात. साखळीतली कोणतीही कडी एकटी पुढे निघून जात नाही, हीच तर तिची मजबुती.

काटकसरीची नजर एकदा लागली की बारीकसारीक उधळपट्टीही दिसू लागते. ऋषभला किल्ल्या दिसल्या. आलमारीच्या बाहेरच्या दाराला एक किल्ली, आतल्या लॉकरला एक, आणि दोघींना प्रत्येकी एक जोडीदार. एका आलमारीमागे चार किल्ल्या!

"दुसरी किल्ली कशाला? वो तो स्टॉक ही है ना, मामा. छोटा स्टॉक."

मला हे तत्काळ पटलं. जी किल्ली पहिली हरवेपर्यंत नुसती पडून राहते ती साठाच. त्या दिवसापासून दार आणि लॉकर मिळून एकच किल्ली झाली. पंचाहत्तर टक्के बचत. कुलूप आणि किल्ली एका पार्सलात पाठवणं चोराच्या सोयीचं असतं, म्हणून कुलूप ट्रकने आणि किल्ली कुरिअरने येऊ लागली. ट्रक भरल्याशिवाय निघत नसे, आणि कुरिअरला भरण्याची वाट बघायची नसे, त्यामुळे आमच्याकडे किल्ल्या वेळेवर असत.

राहता राहिली प्रतिसादाची गती. ती वाढवण्यासाठी मला नेमण्यात आलं. ऋषभचं म्हणणं असं, की ग्राहकाला वस्तू लगेच हवी असते ही जुनी समजूत आहे. त्याला उत्तर लगेच हवं असतं. मला एक टेबल, दोन फोन आणि 'प्रमुख, प्रतिसाद विभाग' अशी पाटी मिळाली. मी निरोप रचले. ग्राहक मुख्यतः हिंदी वाचणारे, म्हणून हिंदीत. 'आपकी आलमारी की चादर का चयन हो चुका है.' (हिंदीत पत्र्याला चादर म्हणतात.) 'आपकी आलमारी काटी जा रही है.' 'आपकी आलमारी ताले की प्रतीक्षा में है, ताला आपकी आलमारी की प्रतीक्षा में है.' (हा शेवटचा माझा आवडता. त्यात थोडं काव्य उतरलं आहे.)

फरक लगेच दिसला. पूर्वी शंभरातल्या सत्त्याण्णव गिऱ्हाइकांना वेळेवर आलमारी मिळायची आणि निरोप एकालाही नाही. आता शंभराच्या शंभर जणांना वेळेवर निरोप मिळतात. आलमाऱ्यांचं प्रमाण नव्या पद्धतीने मोजायचं ठरलं असून पद्धत मागवली आहे. त्या वर्षीच्या अक्तीला धमध्याकडच्या एका पार्टीने आम्ही पाठवलेला आलमारीचा फोटो मोठा करून मंडपात उभा केला आणि नातेवाइकांनी त्यालाच टिळा लावला, असं ऐकलं. दोन-तीन पार्ट्या ट्रॅक्टर घेऊन आल्याही, पण त्यांना मी तोंडीच उत्तर दिलं, त्यामुळे ती भेट प्रतिसादात मोजली गेली.

इथवर सगळं सुरळीत चाललं असताना प्रेमानंद मेश्रामच्या मुलीचं लग्न ठरलं.

प्रेमानंद आमचा वेल्डर. वैशाली नगरात राहतो. नव्या पद्धतीवर त्याचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. ऋषभच्या बैठकीत तो पहिल्या ओळीत बसायचा आणि शून्य साठा हे शब्द इतक्या आदराने उच्चारायचा, की स्वतः ऋषभलाही एकदा संकोच झाला. त्याची मुलगी आम्रपाली नर्सिंगचा कोर्स पुरा करून नोंदणीही करून बसली होती. मुलगा राजनांदगावचा, घर माणसांनी भरलेलं, खोल्या दोन. मंडळी मुहूर्त बघत नाहीत, रविवार बघतात. बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार मोकळा मिळाला आणि तारीख पक्की झाली.

कारखान्यात एक जुनी रीत होती. कामगाराच्या मुलीच्या लग्नात आलमारी भाऊजींची. याबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं, भाऊजी गोदामात जाऊन एका आलमारीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हे तुह्या पोरीची." ऋषभने ही रीत मोडली नाही, उलट तिला शिस्त आणली. कामगार हा अंतर्गत ग्राहक ठरला, आणि ग्राहक म्हटला की त्याने ओढायला हवं. म्हणून आम्रपाली आपल्या आईला, रुक्माला, घेऊन माझ्या टेबलाशी आली.

मी रंग विचारला. ती म्हणाली, "कोन्ताही चालते, काका. पन कुलूप पक्कं पायजे. आन त्याची किल्ली माह्याजवळ राहीन ना?"

"आलमारी तुझी म्हणजे किल्ली तुझीच."

रुक्मा खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, ते लोक चांगले हायेत. पन नोकरीचं इचारलं तं म्हन्तात, लग्नानंतर बघू. त्या घरात हिले खिळाही आपला नाई राहनार. म्हून म्हन्ते, एक कुलूप तरी आपलं असू दे."

"माहे सर्टिफिकेट माह्या किल्लीत राहिले," आम्रपाली म्हणाली, "तं नोकरीचं मी बघीन. त्याहिच्या हातात गेले तं ते बघतच राह्यतीन."

पोरगी हसत बोलली, पण हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते. मी तिचं म्हणणं ग्राहकाची विशेष अपेक्षा म्हणून पुढे कळवलं: कुलूप चांगल्या प्रतीचे असावे. आम्रपाली दारापर्यंत पोचायच्या आत बापाच्या फोनवर पोच गेलेली होती.

पत्रा आला. पत्रा कापला. आणि एका दुपारी मी वेल्डिंग शॉपमधून जात असताना जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. प्रेमानंद स्वतः आपल्या मुलीच्या आलमारीचं वेल्डिंग करत होता. ठिणग्या उडत होत्या. इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने होल्डर बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि निरोप वाचला. 'प्रिय ग्राहक, हमारे कुशल कारीगर ने आपकी आलमारी का वेल्डिंग प्रारंभ कर दिया है.' त्याचा चेहरा खुलला. तो मला म्हणाला, "साहेब, पाहा, सुरू बी झालं!" मग त्याने अंगठा पाठवला, धन्यवाद लिहिलं, चष्मा खाली ओढला आणि आमच्या कुशल कारागिराने काम पुढे सुरू केलं.

त्यानंतर आलमारी कुलपाची वाट बघत उभी राहिली. दार होतं, कप्पे होते, लॉकर होता. कुलपाच्या जागी चौकोनी भोक. अलीगढच्या कारखान्याचं उत्तर रोज येई (त्यांचाही प्रतिसाद विभाग उत्तम आहे). कुलूप तयार होतं, ट्रक भरत होता.

भाऊजींना राहवेना. ते एका सकाळी स्कूटरची किल्ली घेऊन निघाले.

"कुठे, पापा?"

"दुर्गले. कुलूप घेऊन येतो. अर्ध्या तासाचं काम हाये."

"पापा, प्लीज. एकदा बाहेरून घेतलं तर सिस्टम संपली. आणि परवा परीक्षक येताहेत."

हे खरं होतं. एका उद्योगमंडळाने लघुउद्योगांसाठी प्रतिसादक्षमतेचं शील्ड ठेवलं होतं आणि आम्ही अंतिम फेरीत होतो. भाऊजी स्कूटरवर बसून राहिले. मग त्यांना आठवलं, की गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या काळातली एक आलमारी अजून उभी आहे. हिरवी, दारावर मोर, दोन कुलपं, चार किल्ल्या. ते आत गेले आणि त्यांनी तिच्यावर थाप मारली.

"हेच देऊन टाकू ना पोरीले. कावून अडून राहिला तू?"

अडचण तत्त्वाची होती. आमचा साठा शून्य होता. तसं आम्ही परीक्षकांना कळवलेलं होतं. शून्यातून एक आलमारी बाहेर निघाली तर मागे उणे एक उरते, आणि तेवढा प्रगत कारखाना अजून देशात झालेला नाही. जी वस्तू नाही ती भेट देता येत नाही, तिचा गेटपासही होत नाही. मी भाऊजींना हे समजावून सांगितलं. कचेरीत मी अशाच गोष्टी समजावून सांगत असे आणि लोक निघून जात असत. भाऊजीही गेले. कारखान्याचे मालक आपल्याच गोदामातून रिकाम्या हाताने बाहेर पडले, आणि त्यांनी त्या दिवशी चहाही घेतला नाही.

परीक्षक आले. त्यांना ती आलमारी दिसली, पण तोवर आम्ही तिच्यात शून्य साठा प्रकल्पाचे कागद भरून ठेवले होते, त्यामुळे ती फर्निचर ठरली. शील्ड आम्हाला मिळालं.

रविवार उजाडला. वैशाली नगरातल्या हॉलमध्ये मांडव सजला होता. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पांढऱ्या साडीत आम्रपाली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले. आहेराची वेळ आली तेव्हा पलंग आणि कूलर यांच्यामधली जागा रिकामी होती आणि प्रेमानंद त्या जागेपुढे उभा राहून ती झाकायचा प्रयत्न करत होता.

पण आमचा कारखाना ग्राहकाला वाऱ्यावर सोडत नाही. किल्ली कुरिअरने केव्हाच आली होती. ऋषभने तिला लाल मखमलीची डबी आणली, वर रेशमी फीत बांधली आणि माइक हातात घेतला.

"आलमारी इज ऑन द वे. पर पहली डिलिव्हरी हम आज ही कर रहे हैं."

टाळ्या पडल्या. प्रेमानंदने सगळ्यांत मोठ्या वाजवल्या. किल्ली आम्रपालीच्या तळहातावर आली आणि तिने मूठ मिटली. ती मूठ किती वेळ मिटलेली होती? फार नाही. शेजारी तिच्या सासूबाई उभ्या होत्या, गुलाबबाई. प्रेमळ बाई. माझ्या कानांनी ऐकलं म्हणून सांगतो, त्यांच्या आवाजात माया होती.

"आन इकडे, बेटा. लग्नाच्या गर्दीत हरपून जाईन. तुही आलमारी येते तवरक माह्या कमरेले राहू दे."

किल्ली आलमारीबरोबर आली असती, आम्रपालीच्या खोलीत, तिच्या सामानात, तर कोणाला ती मागायचं सुचलंही नसतं. पण आलमारीशिवाय आलेली किल्ली ही नुसती हरवण्यासारखी वस्तू असते. तीनशे पाहुण्यांसमोर नवी नवरी सासूला नाही कसं म्हणणार? तिने रुक्माकडे पाहिलं. रुक्माने प्रेमानंदकडे पाहिलं. प्रेमानंद फोनवर आलेला निरोप वाचत होता: 'बधाई हो! आपकी आलमारी की चाबी सफलतापूर्वक सौंप दी गई है.' मूठ उघडली. गुलाबबाईंनी किल्ली कमरेच्या छल्ल्यात ओवली, तिथे आधीच्या चार होत्या.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. (कालावधी अल्प. लगेच पंगत बसली.)

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागल्यावर कुलूप आलं, बसलं, आणि आलमारी राजनांदगावला रवाना झाली. गुलाबबाईंनी स्वतःच्या हाताने ती उघडली, पुसली आणि लावली. वरच्या कप्प्यात सणाची भांडी, मधल्यात थोरल्या मुलाच्या दुकानाचे कागद, खालच्यात पाहुण्यांच्या चादरी. सुनेची पेटी रिकामी करून तिची सर्टिफिकेटंही त्यांनी आठवणीने लॉकरमध्ये ठेवली, अगदी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. किल्ली परत छल्ल्यात गेली. ग्राहक समाधानाची चौकशी करायला मी फोन केला तेव्हा गुलाबबाईंनी पाचपैकी पाच गुण दिले आणि कुलपाचं विशेष कौतुक केलं.

मग फोन आम्रपालीने घेतला. बाहेरच्या ओट्यावर आली असावी, कारण मागचे आवाज कमी झाले.

"काका, याची दुसरी किल्ली राह्यते ना? मले देता काय? नेहरू नगरच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. ओरिजिनल घेऊन बोलावलं हाये शुक्रवारी."

"सासूबाईंना माग."

"मांगली. बघू म्हन्तात."

आमचा प्रतिसाद चोख होता. फोन ठेवताच तिला निरोप गेला, की तिची विनंती प्राप्त झाली आहे. मी ऋषभकडे गेलो. त्याने अलीगढला विचारलं. दुसरी किल्ली करता येते, असं अलीगढने कळवलं, मात्र एका वेळी हजारापेक्षा कमी किल्ल्या पाडणं त्यांना परवडत नाही. हजार किल्ल्या म्हणजे साठा. ऋषभला वाईट वाटलं. तो म्हणाला, "मामा, उसको एक अच्छा सा मेसेज भेजो." मी भेजला.

शुक्रवार गेला. त्याच्यापुढचेही गेले. हॉस्पिटलने दुसरी मुलगी घेतली. दवाखान्यांनाही प्रतिसाद वेळेवर लागतो. प्रेमानंद कामावर येतो, वेल्डिंग चांगलंच करतो, पण बैठकीला मागच्या ओळीत बसतो आणि फोन वाजला तर काढून बघत नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, निरोप असेल." तो म्हणाला, "असन, साहेब." भाऊजींनी त्याला गोदामातली हिरवी आलमारी घेऊन जा म्हटलं होतं. तो म्हणाला, "आता कायले, भाऊ? आलमारी तं तिच्याजवळ हाये."

धोरण म्हणून पाहिलं तर यात कोणाचीच चूक काढता येत नाही. पत्रा वेळेवर कापला गेला, किल्ली वेळेआधी पोचली, निरोप एकही चुकला नाही, सासू मायाळू आहे, मामा हजरजबाबी आहेत. तरी मुलगी ओट्यावर उभी आहे आणि तिचं शिक्षण तिच्याच आलमारीत बंद आहे.

एवढं वाचताना आपण मनातल्या मनात 'अरेरे' म्हणालात. मी वाट बघतच होतो. सरासरी वाचकाला अरेरे म्हणायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. इतका कमी प्रतिसादकाल आमच्या शील्डवाल्या कारखान्यालाही साधलेला नाही. आपलं मनापासून अभिनंदन. आता एक लहानशी चाचणी. आपल्या घरी जी सून आहे, बायको आहे, बहीण आहे, तिचे मूळ कागद कोणत्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली आत्ता या घडीला कोणाजवळ आहे, तेवढं उठून बघून या.

गोष्ट संपली की उठतो, असं म्हणालात.

संपली.